आसरांच्या डोहावरचा भोपळा

महारुद्राला आईशी बोलताना मान वर करायची सवय राहिली नव्हती, हे म्हाळसाबाईचं गाऱ्हाणं सगळ्या भोईगल्लीला तोंडपाठ झालं होतं. पोरगं मुंबईला सरकारी मच्छीबोटीवर राहून आलं. जाताना चांगलं नाकडोळे असलेलं तोंड घेऊन गेलं आणि येताना नुसता डोक्याचा भांग घेऊन आलं, असं ती म्हणायची. जेव्हा बघावं तेव्हा मान खाली आणि मांडीवर कागदाची गुंडाळी.

"कालवणात मीठ बरं हाय का रं?"

"थांब माय, एवढी रेघ बघू दे."

"मग रेघच कालवून खा की. म्या उगं चूल फुंकत बसले."

तो हसायचा, पण हसायचासुद्धा कागदाकडं बघून. आणि दुसरी खोड त्याहून वाईट. कागदात जे दिसेल ते त्याच्या पोटात ठरत नसे. अमक्या अंगाला मासळी हाय, तमक्या अंगाला तळ खडकाळ हाय, अशी पारावर बसून हाळी. म्हाळसाबाईच्या कानशिलाची शीर उडायची. भोयाच्या जातीनं मासळीची जागा कधी चारचौघांत बोलू नये. बोललं की मासळी तिथनं उठते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

कागदावर या रेघा काढून मासळी दाखवणारं यंत्र काही महारुद्राचं नव्हतं. तेरणेला मिळणाऱ्या त्यांच्या नदीवर धरण होऊन तीन पावसाळे उलटले होते. जुनं गाव पाण्याखाली गेलं, नदी गेली, तिची वळणं गेली, आणि वर नुसतं सपाट, परक्यासारखं पाणी उरलं. नदीत जन्म काढलेले भोई त्या पाण्यापुढं आंधळे झाले. जाळं टाकावं तर बुडालेल्या बाभळीत अडकून फाटायचं. खात्यानं रोहू-कटल्याचं बी सोडलं होतं, ते वाढलं किती आणि राहतं कुठं, कुणाला पत्ता नाही. म्हणून मच्छी खात्याचे विष्णुपंत साहेब, मूळचे तुळजापूरचे, जीपमधून होडी आणि यंत्र घेऊन आले. यंत्र हाताळलेला माणूस जवळपास एकच निघाला, तो महारुद्र.

म्हाळसाबाईनं यंत्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती. काचेच्या झाकणाची लाकडी पेटी, आत कागदाचं वेटोळं आणि एका पट्ट्यावर गरगर फिरणारी सुई.

"हे मासे दाखवतं व्हय?" तिनं विचारलं. "तुझा बाप बांबूनं ऐकायचा."

खरंच ऐकायचा. बलभीम भोयाची ती कला पंचक्रोशीत नावाजलेली होती. भोपळ्यांच्या तराफ्यावर पालथा पडून तो लांब बांबू पाण्यात सोडायचा आणि वरच्या टोकाला कान लावायचा. डोळे मिटलेले, कपाळावर आठी. किनाऱ्यावर टोपली घेऊन उभी असलेली नवी नवरी म्हाळसा त्याच्याकडं बघत राहायची. तिला वाटायचं, आपला धनी नदीच्या छातीला कान लावून बसलाय. मग तो उठायचा, काही न बोलता तराफा वळवायचा, आणि जाळं टाकायचा ते नेमकं मासळीवर. काय ऐकू येतं, असं तिनं किती वेळा विचारलं असेल. "बाजार भरलाय," एवढंच तो म्हणायचा.

फक्त एका जागी तो बांबू वर उचलून घ्यायचा. आसरांच्या डोहावर. नदी जिथं कोपरापासून वाकली होती तिथं दोन धोंडी पाण्यातून वर आलेल्या होत्या, एक उंच ताठ आणि एक तिच्या शेजारी वाकलेली. गाव त्यांना सासू-सून म्हणायचं. त्यांच्या मधल्या फटीतून पलीकडं डोह. उन्हाळ्यात नदीची नुसती वाळू उरली तरी डोह आटत नसे, आणि नदीतली सगळी गाभण मासळी तिथं येऊन दडायची. तिथं साती आसरांचं, पाण्यातल्या सात देवींचं ठाणं. तिथं कुणी जाळं टाकत नसे, गळ टाकत नसे, पाण्यात थुंकतही नसे. दर ज्येष्ठात भोयांच्या बाया हिरवा खण आणि दहीभात डोहात सोडायच्या आणि मग पावसाची वाट बघायच्या.

"बांबू कशापायी उचलला?" नव्या नवरीनं एकदा विचारलं होतं.

"ऐकलं की हात शिवशिवतात," बलभीम म्हणाला होता. "त्यापरीस न ऐकलेलं बरं."

मरताना त्यानं दुसरं काही मागितलं नाही. डोह सांभाळ, एवढंच. धरण व्हायच्या आधीच गेला, हे एका परीनं बरंच झालं.

तळं भरलं तेव्हा पहिल्या ज्येष्ठात गल्लीत वाद उठला होता, डोह नेमका कुठं? दीर नागप्पा एक जागा सांगे, बाकीचे दुसरी. म्हाळसाबाईनं पदर खोचला. "माझ्याइतका डोह कुणाला ठाऊक? जन्मभर पाटी डोक्यावर घेऊन त्याच वाटेनं गेले मी." तिनं तराफ्यावर बसून जागा दाखवली आणि दहीभात सोडला. तेव्हापासून साऱ्या बाया तिथंच सोडत होत्या. नागप्पा पुटपुटला होता, "वैनी, एवढं जवळ नव्हतं हो." तिनं त्याला असं झाडलं होतं की तो पुन्हा बोलला नाही.

आता ज्येष्ठ लागलेला. साहेब म्हणाले, आज होडी आतवर न्यायची, मासळीचा मोठा घोळका शोधायचा आणि नागप्पाच्या मंडळींनी तिथं जाळं टाकून दाखवायचं.

"मी येते," म्हाळसाबाई म्हणाली.

"आजीबाई, ऊन फार आहे," साहेब म्हणाले.

"साहेब, उन्हानं मी वाळले तर सुकट म्हणून विका. पण आसरांच्या अंगावरनं तुमची पेटी न्यायची तर त्यांना कुणी सांगायला नको?"

होडी निघाली. महारुद्रानं तव्याएवढा एक डबा खांबाला बांधून होडीच्या कडेनं पाण्यात सोडला. त्यातून निघालेली तार पेटीला, पेटीची तार बॅटरीला. कळ दाबली तशी सुई टिकटिक करत फिरू लागली, कागद मुंगीच्या पावलानं सरकू लागला आणि जळक्या कागदाचा वास सुटला.

"हे जळतंय रं!"

"जळायलाच पायजे माय. सुई कागद जाळूनच लिहिते. जुन्या गावातली बारव आठवती का? उन्हाळ्यात पायऱ्या उतरायच्या आधी तू वरनं वाकून हाक द्यायचीस."

"द्यायची की. पाणी वर असलं की हाक लगीच माघारी यायची. तळाला गेलं असलं की दमानं, घुमून यायची. उगं पायऱ्या कशाला झिजवाव्या?"

"हे तेच करतंय. तो डबा खाली हाक मारतो. आपल्या कानाला ऐकू येत न्हाय असली बारीक हाक. ती तळावर आपटून माघारी येते. यायला जेवढा उशीर, तेवढं पाणी खोल. माघारी आली की सुई कागदावर डाग पाडते. हाकेमागून हाक, डागाशेजारी डाग, म्हणून खाली ही रेघ दिसते. हा तळ."

"अन् वरची ही जाड रेघ?"

"तो यंत्राचा सोताचाच आवाज. हाक निघाली ती जागा. म्हणजे आपली होडी, पाण्याचं तोंड."

"अन् मासा?"

"मासा मधी आला की थोडी हाक तळापर्यंत जायच्या आधीच त्याच्यावरनं माघारी येते. म्हणून त्याचा डाग तळाच्या वर, अधांतरी पडतो. माशाच्या पोटात फुगा असतोय ना..."

"मला सांगतोस? पोटं फाडून जन्म गेला माझा. ल्हानपणी तूच ते फुगे टाचेखाली फोडत हिंडायचास."

"त्या फुग्यातल्या हवेवरनंच हाक माघारी येते."

म्हाळसाबाईनं पेटीकडं नव्यानं बघितलं. तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला.

तेवढ्यात साहेबांनी वल्ही थांबवायला सांगितली. होडी उभी राहिली. कागदावर तळाच्या वर एक डाग उमटला आणि लांबत लांबत चांगला बोटभर झाला. म्हाळसाबाई पेटीवर ओणवली.

"वांब! बघ केवढी लांब, सापावाणी!"

महारुद्र हसला. "वांब न्हाय माय. होडी उभी हाय, अन् एकच मासा खाली उभा हाय. कागद मातर सरकतोय. एकाच माशाचा डाग पुन्हा पुन्हा पडतोय, म्हणून रेघ. आडवी रेघ म्हणजे लांबी न्हाय, वेळ. होडी चालती असली तर कसं, मासा आधी लांब, मग पोटाखाली, मग पुन्हा लांब. म्हणून त्याची अशी भुवई उमटते. वर उचललेली, दोन्ही कडांनी खाली आलेली."

"अन् चिखलात घुसलेली मरळ?"

"तळाला चिकटून असली तर तळाच्या रेघेतच बुडून जाती. न्हाय दिसत."

"हां! म्हणजे मरळ तुझ्या पेटीच्या बापाला ऐकत न्हाय," म्हाळसाबाई म्हणाली आणि पदराआड समाधानानं हसली.

होडी तिनं दाखवलेल्या डोहावर आली. तिनं साहेबांना हात केला, कनवटीची हळदकुंकवाची पुडी सोडली, चिमूट पाण्यात टाकली. मग कागदाकडं बघितलं. तळाची रेघ परटानं इस्त्री मारल्यासारखी सपाट. फिकट, रुंद, पसरट. वर एकही भुवई नाही.

"हे काय? यंत्र झोपलं का?"

"इथं मऊ माती हाय माय. मऊ तळ हाकेला गिळून टाकतो, म्हणून रेघ फिकट. अन् जागा अगदी सपाट. कुणाचं तरी रान असंल."

"रान? आसरांच्या डोहाला रान म्हणतोस? पेटी बिघडलीय तुझी."

महारुद्रानं पुढं न्यायची खूण केली. होडी पुढं गेली. म्हाळसाबाई पाठ फिरवून बसली. काही वेळानं सुईचा आवाज तोच असूनही वास वाढल्यासारखा वाटला आणि तिनं न राहवून मान वळवली. रेघ काळीभोर झाली होती, कडक. तिच्याखाली तशीच आणखी एक फिकट रेघ, दुप्पट खोलीवर.

"दोन तळ?" साहेबांनी विचारलं.

"खडक हाय साहेब. कडक तळावरनं हाक जोरात येते, होडीला लागून पुन्हा खाली जाते अन् पुन्हा येते. दुसरी रेघ ही पहिलीची सावली."

मग ती काळी रेघ उठली. ताठ, उंच, वर टोकदार. खाली आली, आणि लगेच तिच्या शेजारी दुसरी, बुटकी. तिथून एकदम खाली. पाच परस खोल, सहा परस खोल, रेघ उतरतच गेली आणि त्या खड्ड्यात भुवया. एकीवर एक, दाट, बाजार भरल्यासारख्या.

साहेबांनी होडी वळवून पुन्हा तिथूनच आणवली. कागदावर आता आधी भुवया, मग बुटकी, मग उंच.

"अरेच्चा, आणखी दोन खडक!" साहेब म्हणाले.

"तेच दोन साहेब. आपण माघारी आलो म्हणून उलटे उमटले."

म्हाळसाबाई कागदावर आणखी ओणवली. उंच आणि ताठ. शेजारी वाकलेली. जाताना आधी सासू, येताना आधी सून. जन्मभर जाता-येता हेच तर बघितलं होतं. सासूच्या पाठीवर पाटी टेकवून ती दम खायची, पलीकडं धनी बांबू वर उचलून बसलेला असायचा, आणि सकाळचं ऊन दोघींच्या मधल्या फटीतून पाण्यावर पडायचं. ते सारं गेलं म्हणून तिनं मनातून त्याचा दहावा-तेरावा उरकला होता. आणि इथं ते जळक्या कागदावर, कोळशानं काढल्यासारखं, जिथल्या तिथं उभं होतं.

मग तिला कळलं की आपण कुठं चुकलो. तिनं डोहाची जागा पायांच्या आठवणीवर ठरवली होती. पण पायवाट बोराटीला वळसा घालायची, ओढ्यावरनं माघारी फिरायची, नदीबरोबर वाकायची. पाटी डोक्यावरनं कमरेवर कुठं घ्यायची, हे पायांना ठाऊक होतं. पाण्यावर वळसे कुठले? ते वजा करता करता अंतर तिनं फारच आखूड धरलं होतं, तेही वेगळ्याच दिशेला. तिथं होता माळ्याचा वांग्याचा मळा. तीन साल साती आसरा उपाशी, आणि दहीभात वांग्यांना.

महारुद्राला धोंडी ओळखू आल्या नाहीत. त्याला खडक दिसला, खड्डा दिसला, मासळी दिसली. त्यानं दोरीला दगड बांधला, दोरीच्या वरच्या टोकाला वाळका भोपळा, आणि खुणेसाठी तिथं सोडून दिला. भोपळा पाण्यावर डुलत राहिला. म्हाळसाबाई बघत राहिली. बोलावं तर वांग्याचा मळा कबूल करावा लागणार, तोही नागप्पासमोर. न बोलावं तर धन्याला काय सांगायचं?

होडी काठाला लागली नाही तोच महारुद्राची हाळी गेली. "काका! जाळी घ्या! भोपळ्यापाशी बाजार भरलाय, दाट!"

बापाचाच शब्द. म्हाळसाबाईनं लुगडं वर खोचलं.

नागप्पा आणि त्याची माणसं जाळी खांद्यावर टाकून तराफ्यांकडं निघाली. पोरीबाळी टोपल्या घेऊन धावल्या. साहेब घाम पुसत समाधानानं उभे. म्हाळसाबाई पाण्यात उतरली ती गुडघाभर, आणि पहिल्याच तराफ्याच्या पुढं आडवी उभी राहिली.

"भावजी, जाळं खाली ठेवा. तो आसरांचा डोह हाय."

नागप्पानं तिच्याकडं बघितलं, मग पाण्याकडं. "वैनी, डोह तर तिकडं. तुमीच दाखवलाय. त्या पायी म्या शिव्या खाल्ल्यात."

"तिकडं वांग्याचा मळा हाय."

"आं?"

"माळ्याचा वांग्याचा मळा. म्या चुकले. काय कानात तेल घालून आलाव का? तीन साल दहीभात वांग्याला घातला आपण. तुमी म्हणत होता जवळ नव्हतं, ते खरं होतं. झालं समाधान?"

कुणीतरी खिदळलं. टोपल्या घेतलेल्या बायांत कुजबूज झाली. प्रेमाबाई, जिचं म्हाळसाबाईशी नळावरून कायमचं वाकडं, ती मोठ्यानं म्हणाली, "तरीच औंदा वांगी गोड हायती!" आणि सगळा काठ हसला. म्हाळसाबाईची मान ताठच होती. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या.

"हसा. हसून झालं की जाळी फिरवा. मासळी पोटुशी हाय. दिसली म्हणून धरायची असंल तर तेरखेड्याची फटाक्याची दारू आणा अन् उडवून द्या समदं. पुढच्या साली कागदावर नुसती रेघ बघत बसा."

साहेब पुढं आले. "बाई, मला वर नमुना दाखवायचाय. मासळी धरली नाही तर यंत्राचा उपयोग काय झाला?"

ती काही बोलायच्या आत महारुद्र पाण्यात उतरला. हातात कागद होता, पण या वेळी तो कागदाकडं बघत नव्हता. आईच्या तोंडाकडं बघत होता.

"सासू-सून," तो हळूच म्हणाला. "माय, ती सासू-सून हाय व्हय?"

"मग काय ताजमहाल हाय?"

त्यानं कागद उलगडला, पुन्हा बघितला, आणि खुळ्यासारखा हसला. लहानपणी त्याच सुनेच्या वाकलेल्या पाठीवरनं तो पाण्यात उड्या मारायचा आणि बापाचा मार खायचा. मग साहेबांकडं वळून म्हणाला, "साहेब, येताना जुन्या ओढ्याच्या तोंडाशी मधल्या पाण्यात थोड्या भुवया होत्या. दाट न्हायत, पण तिथं खाली झाडं न्हायत, जाळं फाटणार न्हाय. नमुना तिथं मिळंल."

साहेबांनी तोंड वाकडं केलं. नागप्पा कितीतरी वेळ जाळ्याच्या गाठी चाचपत राहिला. शेवटी तो म्हणाला, "दादा असता तर त्यानंबी हेच केलं असतं." आणि तराफा ओढ्याच्या तोंडाकडं वळवला.

मासळी बेताचीच लागली. चार घरांत कालवण झालं, साहेबांच्या नमुन्याला दोन रोहू झाले, आणि नागप्पाची माणसं डोहातल्या मासळीच्या नावानं उसासे टाकत राहिली. उन्हं कलल्यावर काठावर दोघंच उरली. म्हाळसाबाई लुगड्याचा ओला काठ पिळत होती. महारुद्रानं कागदाचा तेवढा तुकडा फाडून तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला, डोळ्यांजवळ नेला, सासूच्या टोकावर बोट ठेवलं. काळं बोटाला लागलं. तिथंच कुठंतरी तिनं पाटी टेकवली होती.

"माय, रागावलीस?"

"मान वर कर आधी. हां, तशी. आता ऐक. तुझ्या पेटीत खोट न्हाय, ती तुझ्या बापाचीच जात हाय. खोट तुझ्यात हाय. तुझा बाप ऐकायचा अन् गप बसायचा, तू बघतोस अन् गावभर हाळी देतोस. जा, अंधार पडायच्या आत तो भोपळा काढून आण, अन् कुठनं काढला ते कुणाला सांगू नगंस. परवा दहीभात घेऊन होडीत मीच बसणार, वाट तू दाखवायची. अन् गप कसं बसायचं, ते म्या शिकवीन तुला."